पलंगपोस (चित्रित कापड)

पलंगपोस हे भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावर मुख्यतः सतराव्या व अठराव्या शतकांत हाताने रंगवले जाणारे मोठ्या आकाराचे सुती कापड होय. पलंगावर अंथरणे, पलंगाभोवती पडद्यांसारखे सोडणे आणि भिंतीवर टांगणे हे त्याचे प्रमुख उपयोग होते. खडकाळ टेकडीतून वर येणारा, नागमोडी बुंध्याचा आणि एकाच वेळी अनेक जातींच्या फुलांनी बहरलेला वृक्ष ही त्याची खूण होय. या आकृतिबंधाला कलेच्या इतिहासात 'जीवनवृक्ष' म्हणतात. मराठीत आज कोणत्याही पलंगावरील आच्छादनाला पलंगपोस म्हटले जात असले, तरी वस्त्रांच्या इतिहासात या शब्दाला हा विशिष्ट अर्थ आहे. युरोपातील घरे सजवण्यासाठी ही कापडे मोठ्या प्रमाणावर निर्यात झाली. त्यांच्या लोकप्रियतेमुळे इंग्लंड व फ्रान्समध्ये बंदीचे कायदे झाले, आणि पुढे त्यांच्याच अनुकरणातून तेथील सुती छपाईचा उद्योग वाढला.

नाव

'पलंगपोस' हा शब्द 'पलंग' आणि 'झाकणारे' या अर्थाचा फारसी 'पोश' यांपासून बनला आहे. इंग्रजीत त्याचे 'पालमपोर' झाले. उच्चाराच्या या बदलामुळे काहींनी त्याचा संबंध गुजरातमधील पालनपूरशी जोडला होता, परंतु फारसी व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य मानली जाते. अशा रंगीत फुलाफुलांच्या कापडाला मराठीत चीट व हिंदीत छींट म्हणतात. इंग्रजी 'चिंट्झ' आणि डच 'सिट्स' ही त्याच शब्दाची रूपे होत. पोर्तुगीज व्यापारी त्याला 'पिंतादो' म्हणजे रंगवलेले म्हणत, तर फ्रेंच लोक 'अँदियेन' म्हणजे हिंदुस्थानी. कलमाने केलेले काम या अर्थी 'कलमकारी' हे नाव भारतात रूढ आहे. पलंगपोस हा कलमकारीचाच निर्यातीसाठी घडलेला एक प्रकार आहे.

जीवनवृक्षाचा आकृतिबंध

पलंगपोसाची लांबी साधारणपणे तीन मीटरच्या आसपास असते. मध्यभागी एकच वृक्ष, चारही बाजूंनी रुंद वेलबुट्टीची किनार आणि मोकळी पांढरी पार्श्वभूमी अशी त्याची रचना असते. वृक्षाच्या मुळाशी खवल्यांसारख्या आकारांनी रचलेली टेकडी असते. तिच्यावर कधी हरणे व शिकारी प्राणी, कधी मोर किंवा बगळे दिसतात. फांद्यांवर कमळासारखी, डाळिंबासारखी आणि चिनी चित्रांतील पिओनीसारखी फुले शेजारी शेजारी उमललेली असतात, तर काही वेळा त्याच बुंध्याला बांबूची पानेही फुटतात. वनस्पतिशास्त्रज्ञाला ओळखता येईल असा हा वृक्ष नाही. तो निसर्गावर आधारलेला आहे, पण निसर्गात कोठेही नाही.

हा वृक्ष प्राचीन भारतीय कल्पवृक्षाचे रूप आहे, असे सांगण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. जॉन अर्विन आणि कॅथरिन ब्रेट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिंट्झच्या उगमावरील ग्रंथात मात्र वेगळे चित्र मांडले. त्यांच्या मते या वृक्षाची घडण व्यापारातील देवघेवीतून झाली. फारसी चित्रांतील वृक्ष, चिनी सजावटीतील खडक व बांबू आणि युरोपीय ग्राहकांनी पाठवलेले नमुने यांचा त्यात संकर आहे. त्याचा एक ठळक पुरावा १६४३ सालचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी त्या वर्षी सुरतेच्या वखारीला कळवले की, येणाऱ्या रजयांची गडद लाल जमीन सर्व गिऱ्हाइकांना रुचत नाही. यापुढे जमीन अधिक पांढरी असावी आणि मध्यभागी फुले व फांद्या चित्रकाराच्या मर्जीप्रमाणे रंगीत काढाव्यात, अशी त्यांची मागणी होती. पलंगपोसाची पांढरी पार्श्वभूमी आज अस्सल भारतीय वाटते. ती निदान काही अंशी लंडनच्या बाजाराची फर्माईश होती, आणि फुलांच्या बाबतीत तरी कारागिराला मोकळीक मिळाली होती.

निर्मितीची पद्धत

सतराव्या शतकात युरोपात कापडावर रंगीत चित्रे छापली जात, पण ती बहुधा तेलमिश्रित रंगांची असत. असे कापड कडक होई व धुतल्यावर खराब होई. कोरोमंडलचे कापड मात्र मऊ राही आणि धुण्याने त्याचा लाल रंग फिका पडत नसे. या टिकाऊपणाचे कारण रंगबंधकाच्या वापरात आहे. रंगद्रव्याचे धाग्याशी घट्ट बंधन घडवून आणणाऱ्या धातूच्या क्षाराला रंगबंधक म्हणतात. लाल रंगासाठी तुरटी आणि काळ्यासाठी लोह हे येथील दोन मुख्य रंगबंधक होत.

प्रथम कापडातील खळ काढून टाकतात. मग शेण किंवा लेंड्या कालवलेल्या पाण्यात ते भिजवून उन्हात पुन्हा पुन्हा वाळवतात, त्यामुळे ते शुभ्र होते. त्यानंतर ते हिरड्याची पूड घातलेल्या म्हशीच्या दुधात बुडवून वाळवतात. हिरड्यातील टॅनिन पुढे लोहाशी संयोग पावून काळा रंग देते, तर दुधातील स्निग्धांशामुळे कलमातील द्राव कापडावर फुटत नाही. पूर्वी असे कापड लाकडी मोगरीने कुटून गुळगुळीत केले जाई. रेखाटनासाठी कागदावर चित्र काढून त्याच्या रेषांवर टाचणीने भोके पाडत. हा चरबा कापडावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांची पुसट आकृती उमटे.

कलम म्हणजे बांबूची टोकदार काडी होय. टोकाच्या थोडे वर लोकर, केस किंवा चिंध्या सुतळीने गुंडाळलेल्या असतात. हा बोळा द्रावात भिजवून बोटांनी किंचित दाबला की टोकातून रेषा वाहू लागते. काळ्या रेषांचा द्राव लोखंडाचे गंजके तुकडे, गूळ व पाणी एकत्र आंबवून तयार करतात. तो मुरण्यास काही आठवडे लागतात. हा द्राव कलमातून उतरताना फिकट असतो आणि हिरडा लावलेल्या कापडाला लागताच काळा पडतो.

लाल रंगाची रीत अधिक अनोखी आहे. जेथे लाल हवा तेथे कारागीर लाल रंग लावतच नाही, तो तुरटीचे पाणी लावतो. तुरटीचे पाणी रंगहीन असल्यामुळे, काय रंगवले ते दिसावे एवढ्यासाठी त्यात एखादा कच्चा रंग मिसळतात. मग संपूर्ण कापड चाय नावाच्या वनस्पतीच्या मुळांच्या काढ्यात उकळतात. जेथे तुरटी आहे तेथेच लाल रंग पक्का बसतो. तुरटीची तीव्रता कमीजास्त ठेवून गुलाबी ते गडद लाल अशा छटा एकाच उकळीत मिळवता येतात. उरलेल्या भागावर चढलेली लालसर झाक शेणपाणी आणि ऊन यांनी उतरवली जाते. चाय (ओल्डेनलँडिया अंबेलाटा) ही मंजिष्ठेप्रमाणेच कदंब कुलातील वनस्पती असून तिच्या मुळांत अ‍ॅलिझरिन हे रंगद्रव्य असते. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातील चुनखडीयुक्त वाळूत वाढलेली चाय उत्कृष्ट समजली जाई, कारण चुन्यामुळे लाल रंगाला झळाळी येते. हा उद्योग मच्छलीपट्टणमच्या परिसरात बहरण्यामागे बंदर आणि पाणी यांच्याबरोबर ही माती व हे मूळही होते.

निळ्या रंगाचे तंत्र उलट आहे. विरघळलेल्या स्थितीतील नीळ हवा लागताच पुन्हा अविद्राव्य होते, म्हणून ती कलमाने रंगवणे अवघड जाते. त्यामुळे निळा व हिरवा भाग वगळून उरलेले सर्व कापड वितळलेल्या मेणाने झाकून निळीच्या पिंपात बुडवत. चार पाने निळी हवी असली तरी तीन मीटरचे कापड जवळजवळ सगळे मेणवावे लागे. लाल फुलांच्या पाकळ्यांवर दिसणाऱ्या केसांइतक्या बारीक पांढऱ्या रेषाही आधी मेणाने काढलेल्या असतात.

पिवळा रंग सर्वांत शेवटी वरून लावला जाई. हिरव्या पानांसाठी तो निळ्यावर चढवत. मात्र हा पिवळा कच्चा असल्यामुळे काळाच्या ओघात उडून जातो. संग्रहालयांतील बहुतेक पलंगपोसांवर आज निळी पाने दिसतात ती यामुळे. रंगवणाऱ्याच्या मनातील पाने हिरवीच होती.

रेखाटन, मेणकाम, रंगकाम आणि धुलाई यांसाठी वेगवेगळे कुशल हात लागत. प्रत्येक टप्प्यानंतर कापड वाहत्या पाण्यात धुवावे लागे, कारण साठलेल्या पाण्यात सुटा रंग पुन्हा पांढऱ्या भागावर बसतो. त्यामुळे हे काम नदीकाठीच वाढले. श्रीकाळहस्ती येथे ते आजही स्वर्णमुखी नदीशी जोडलेले आहे. कारागिरांची नावे या कापडांवर सहसा आढळत नाहीत.

भारतातील वापर

निर्यातीपूर्वीपासून अशी चित्रित कापडे दख्खन व उत्तर भारतात वास्तूच्या सजावटीसाठी वापरली जात होती. मोगलांच्या छावणीत तंबूंच्या आतील बाजूस आणि कनातींवर ती लावत. कमानीच्या चौकटीत एकेक फुलझाड अशी त्यांची मांडणी असे, त्यामुळे मुक्कामागणिक नव्याने उभ्या राहणाऱ्या घराला बागेची भिंत मिळे. टिपू सुलतानचा म्हणून ओळखला जाणारा चिटाचा तंबू वेल्समधील पोविस किल्ल्यात आहे. त्याचे कापड खानदेशच्या इतिहासाशी निगडित असलेल्या बऱ्हाणपूर येथे तयार झाले असावे, असे मानले जाते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत बसण्याच्या जागी पसरण्यासाठी चित्रित रुमाल व चटया तयार होत. तंजावरच्या मराठा राजघराण्याच्या आश्रयाने कोडाली करुप्पूर येथे जरीचे विणकाम, मेणकाम आणि कलमाचे रंगकाम एकत्र आणणाऱ्या साड्या तयार होत असत. त्या पलंगपोस नव्हेत, परंतु त्यांचे तंत्र याच परंपरेतले आहे.

युरोपातील घरसजावट

मच्छलीपट्टणम येथे इंग्रजांची वखार १६११ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला चित्रित कापडाचा मोठा भाग आग्नेय आशियातील मसाल्यांच्या मोबदल्यात दिला जाई. इंडोनेशियात अशी कापडे पिढ्यान्‌पिढ्या वारसा म्हणून जपली गेली आणि समारंभप्रसंगी टांगली गेली. युरोपात त्यांनी प्रथम घरात प्रवेश केला आणि मग अंगावर. लंडनमधील दैनंदिनीकार सॅम्युएल पेप्स याने ५ सप्टेंबर १६६३ रोजी पत्नीच्या नव्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावण्यासाठी हिंदुस्थानी चीट विकत घेतल्याची नोंद केली आहे. तोवर श्रीमंतांच्या भिंतींवर लोकरीचे जड विणीव पडदे असत. ते थंडी अडवत, पण धूळ धरत आणि धुता येत नसत. चीट हलकी, धुता येण्याजोगी आणि तुलनेने स्वस्त होती. तिच्यामुळे हिवाळी देशांतील शयनगृहांना बागेचे रूप आले.

पलंगपोस सहसा संपूर्ण संचाचा भाग असे. आच्छादन, बाजूचे पडदे, छताची झालर आणि खुर्च्यांची आवरणे एकाच नमुन्याची मागवली जात. डॅनिएल डेफो याने १७०८ मध्ये तक्रार केली की, पूर्वी जमिनीवर अंथरले जाणारे हे कापड आता कपड्यांत शिरले असून घराघरांतील पडदे, उशा, खुर्च्या आणि पलंगही त्यानेच व्यापले आहेत. तक्रारीचा सूर बाजूला ठेवला, तर त्या काळच्या घरसजावटीची ही उत्तम यादीच आहे.

बंदीचे कायदे

या लोकप्रियतेचा फटका स्थानिक रेशीम व लोकर विणकरांना बसला. फ्रान्सने १६८६ मध्ये चित्रित व छापील सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १७०० च्या कायद्याने देशांतर्गत वापरासाठी अशा कापडाची आयात बंद केली, पुनर्निर्यातीस मात्र मुभा ठेवली. कोरे कापड आणून ते इंग्लंडमध्ये छापण्याची पळवाटही उरली. त्यामुळे १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील रेशीम विणकरांनी दंगली केल्या. रस्त्यात चिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर हल्ले झाले, त्यांचे कपडे फाडण्यात आले. त्यानंतर १७२१ मध्ये संमत झालेल्या आणि १७२२ च्या नाताळापासून लागू झालेल्या कायद्याने असे बहुतेक कापड अंगावर घालण्यास आणि घरात पडदे, पलंग किंवा गाद्यागिरद्यांसाठी वापरण्यासही मनाई केली. इंग्लंडमध्येच तयार झालेल्या सुती छापील कापडावरील निर्बंध १७७४ मध्ये उठले, पण भारतीय चित्रित कापड घरी वापरण्यासाठी आणणे त्यानंतरही बेकायदा राहिले.

बंदी मोडणाऱ्यांत प्रतिष्ठितांचा भरणा होता. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे नट डेव्हिड गॅरिक याचा पलंग. कलकत्त्यातील इंग्रजांना नाट्यगृहासाठी केलेल्या मदतीबद्दल त्यांनी गॅरिक दांपत्याला मच्छलीपट्टणमच्या चिटाचा संच भेट पाठवला होता. टेम्सकाठच्या हॅम्प्टन येथील त्यांच्या घरासाठी टॉमस चिपेंडेलच्या कारखान्यात बनलेल्या पलंगाला तो लावायचा होता. १७७५ मध्ये सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तो जप्त केला आणि सोडवून घेण्यासाठी गॅरिकला अधिकाऱ्यांकडे विनवणी करावी लागली. हा पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तंत्राची नोंद आणि अनुकरण

कायद्याने कापड अडवता आले, पण मागणी थांबली नाही. त्यामुळे ते तंत्रच मिळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. फ्रेंच नाविक अधिकारी बोल्यू याने १७३४ च्या सुमारास पाँडिचेरी येथे कारागिराला काम करताना पाहून प्रत्येक टप्प्याचे टिपण केले आणि त्या त्या टप्प्यावरील कापडाचे नमुने सोबत जोडले. जेझुइट मिशनरी गास्तों-लोराँ कर्दू याने १७४२ च्या पत्रात या प्रक्रियेचे सविस्तर वर्णन केले. आपल्या पंथात आलेल्या काही कारागिरांना प्रश्न विचारून त्याने ही माहिती गोळा केली होती. संस्कृत आणि युरोपीय भाषांतील साम्य दाखवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांपैकी तो एक होता, त्यामुळे भाषाशास्त्राच्या इतिहासातही त्याचे नाव येते. त्याचे पत्र प्रसिद्ध झाले आणि युरोपीय रंगाऱ्यांपर्यंत पोहोचले. ज्यांचे ज्ञान त्यात नोंदले गेले, त्या कारागिरांच्या वाट्याला यातून काही आल्याचा दाखला नाही.

फ्रान्समधील बंदी उठताच १७६० मध्ये ओबेरकांफ याने पॅरिसजवळ झुई येथे छपाईचा कारखाना सुरू केला. चायऐवजी युरोपात पिकणारी मॅडर ही मंजिष्ठेची सजातीय वनस्पती आणि कलमाऐवजी लाकडी ठसे वापरले गेले. पुढे ताम्रपट आले. १७८३ मध्ये टॉमस बेल याने फिरत्या रुळाच्या छपाईचे पेटंट घेतले. यानंतर महिन्यांचे काम तासांवर आले. १८६८ मध्ये जर्मनीत अ‍ॅलिझरिन कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले आणि चाय व मंजिष्ठा या दोन्हींची बाजारपेठ खालावत गेली. कोरोमंडलचा पलंगपोस मात्र त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, निर्यातीतून जवळजवळ नाहीसा झाला होता.

आजची कलमकारी

स्वातंत्र्योत्तर काळात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी आंध्र प्रदेशातील श्रीकाळहस्ती येथे कलमकारीचे शासकीय प्रशिक्षण सुरू झाले. तेथील शैली देवळांत टांगल्या जाणाऱ्या पुराणकथांच्या पटांची असली, तरी जीवनवृक्ष हा तिचाही आवडता विषय बनला आहे. येथील कलावंत जोन्नलगड्डा गुरप्पा चेट्टी यांना २००८ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. मच्छलीपट्टणम आणि जवळचे पेडणा येथील काम मुख्यतः लाकडी ठशांनी होते. बाजारात दोन्हींना कलमकारीच म्हणतात आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. याखेरीज कृत्रिम रंगांत यंत्रावर छापलेले कापडही त्याच नावाने विकले जाते. हाताच्या कामात दोन पाने तंतोतंत सारखी नसतात, रेषेची जाडी कलमाच्या दाबानुसार बदलते आणि नव्या कापडाला दूध व हिरड्याचा वास येतो. छापील कापडात नमुना ठराविक अंतराने जसाच्या तसा परत येतो.

नव्या घरांत हे कापड आज चादरी, पडदे, उशांचे अभ्रे आणि चौकटीत बसवलेले भिंतीवरील पट या रूपांत वापरले जाते. वनस्पतिजन्य रंगांचे कापड प्रखर उन्हात विटते. त्यातही पिवळा व हिरवा रंग आधी जातो, त्यामुळे उन्हाच्या खिडकीपेक्षा आतील भिंत त्याला मानवते. धुण्यासाठी थंड पाणी व रिठा वापरून सावलीत वाळवण्याची रीत आहे.

जतन

जुने पलंगपोस लंडन, न्यू यॉर्क व टोरांटो येथील संग्रहालयांत तसेच अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात जतन केलेले आहेत. प्रकाशाने होणारी हानी भरून काढता येत नसल्याने अशी वस्त्रे मंद प्रकाशात आणि मर्यादित काळच प्रदर्शित केली जातात. त्यांचे सर्वांत दुर्बल स्थान म्हणजे काळी रेषा. तिच्यातील लोहामुळे सुताचे तंतू हळूहळू कुजतात. अनेक नमुन्यांत लाल पाकळ्या व निळी पाने शाबूत आहेत, पण त्यांना वेढणाऱ्या काळ्या रेषा गळून गेल्या असून त्या जागी कापडाला बारीक चिरा पडल्या आहेत.